डॅशर का क्रीडमोर? आधी राउंड चेंबरमध्ये तर जाऊ दे

पत्र तासगावच्या एका रायफल नेमबाजाचं आहे. लांबलचक आहे म्हणून थोडं कापून देतोय.

"नमस्कार काका, मी .२२ प्रोन (पालथं पडून नेमबाजी) खेळतो, मावळंकर स्पर्धेपर्यंत जाऊन आलोय. माझा थोरला भाऊ टेक्सासला असतो, ग्रीन कार्डवाला आहे, तिथं गेल्या वर्षापासनं पीआरएसच्या (प्रिसिजन रायफल सिरीज) क्लब मॅच खेळतोय. त्यानं ६ मिमी डॅशर या काडतुसाची रायफल बनवून घेतली कारण पहिल्या नंबरात येणारे बरेच जण तेच वापरतात. पण मॅचमध्ये राउंड (काडतूस) अडकतोच, कधी दुसरा कधी पाचवा, आणि घड्याळ चालू असतं. मी म्हणतो ६.५ क्रीडमोर घे, तो म्हणतो तुला काय कळतंय तासगावात बसून. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हीच भांडणं, आई वैतागलीय. तुम्ही सांगा बरोबर कोण. आणि मला पण आता मोठं काहीतरी खेळायचंय, ३०० मीटर बिग बोअर (मोठ्या काडतुसाची रायफल) घ्यावं का मॅगझिनवाली .२२? आणि एक शेवटचं, मॅगझिन भरून ठेवली तर स्प्रिंग ढिली पडते का?"

गड्या, पहिल्यांदा आईला सांग की दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणजे निदान या रविवारी तरी घरात शांतता राहील. दादाचं काडतूस चांगलंच आहे, आणि तू सुचवतोयस ते पण चांगलंच आहे, फक्त भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय. त्याचं दुखणं काडतुसात नाही, काडतूस आणि मॅगझिन यांच्या मापात आहे, आणि ते बॅरल न बदलता बरं होतं.

पीआरएस म्हणजे काय ते तुला व्हिडिओवरनं माहीत असेल पण प्रोनवाल्याच्या डोक्यात ते लवकर बसत नाही म्हणून सांगतो. आपल्या प्रोनमध्ये ६० शॉट, ५० मिनिटं, एकाच जागी पडायचं, एकेक राउंड हातानं ठेवायचा, श्वास सोडायचा, वारा आवडला नाही तर थांबायचं. तिकडं एका स्टेजला साधारण ९० सेकंद ते दोन मिनिटं, त्यात आठ-दहा शॉट, त्यात पण तीन-चार वेळा जागा बदलायची, कधी लाकडी बॅरिकेडवर, कधी टायरवर, कधी छपराच्या उतारावर, आणि टार्गेट म्हणजे लांबवर टांगलेली लोखंडी प्लेट, लागली तर एक मार्क नाही तर शून्य. मधोमध लागली म्हणून जास्त मिळत नाही आणि कडेला लागली म्हणून कमी होत नाही. आता बघ, दादाची रायफल कागदावर अर्ध्या इंचाचा ग्रूप (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते माप) देते म्हणून तो खुश आहे, पण एक राउंड अडकला, तो काढायला दहा-पंधरा सेकंद गेले, हात थरथरायला लागले, की शेवटचे दोन शॉट सुटतच नाहीत आणि ते दोन्ही सरळ मिस धरतात. पाऊण इंचाचा ग्रूप देणारी पण न अडकणारी रायफल त्याच्या पुढं जाते. म्हणून या खेळात फीडिंग (राउंड मॅगझिनमधनं नीट आत जाणं) पहिलं, अचूकता त्याच्या पाठोपाठ, आणि काडतुसाचं नाव सगळ्यात शेवटी. निदान माझा तरी हिशोब असाच आहे.

मग सगळे ६ मिमीच्या मागं का लागलेत? फॅशन थोडी आहेच पण नुसती फॅशन नाही. आधी .३०८ होतं, १९५२ चं काडतूस, १७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) गोळी, साधारण २६०० फूट पर सेकंद, बॅरल चार-पाच हजार राउंड आरामात टिकतं पण धक्का जास्त आणि वाऱ्यात गोळी वाहते. मग २००७ ला हॉर्नडी कंपनीनं ६.५ क्रीडमोर आणलं, १४० ग्रेनच्या आसपासची लांब बारीक गोळी, २७०० फूटच्या आसपास, वाऱ्याला जास्त दाद देत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्यापासनं मॅगझिनच्या मापात बसेल असंच बनवलेलं. त्याच्यापुढं लोक ६ मिमीकडं गेले ते वाऱ्यासाठी नाही, धक्क्यासाठी. डॅशरमध्ये पावडर तीसेक ग्रेन, गोळी १०५-११० ग्रेन, आणि रायफल वजनदार, त्यामुळं शॉट गेल्यावर स्कोप जागचा हलत नाही आणि आपलीच गोळी कुठं पडली, डावीकडं का उजवीकडं, ते आपल्यालाच दिसतं. ते दिसलं की पुढचा शॉट सुधारता येतो. बॅरिकेडवर अर्धवट टेकून मारताना याची किंमत कळते. पीआरएसमध्ये वेगाची मर्यादा पण आहे, ३२०० फूट, त्यामुळं मोठं काडतूस घेऊन नुसतं जोरात मारण्यात तसाही फायदा नाही.

आता दादाच्या जॅमकडं येऊ, इथं जरा सविस्तर लिहितो, पत्र त्याला फॉरवर्ड कर.

डॅशर निघालं ६ मिमी बीआरमधनं, आणि बीआर बनलं बेंचरेस्टसाठी, जिथं माणूस टेबलाशी बसून एकेक राउंड हातानं घालतो. मॅगझिनचा विचार त्याच्या जन्मातच नव्हता. तिकडं चालतात त्या मॅगझिन बहुतेक एआयसीएस नावाच्या पद्धतीच्या, त्या बनल्यात .३०८ च्या लांबीसाठी, म्हणजे ७१-७३ मिमीचा राउंड आत बसेल अशा. डॅशरचा भरलेला राउंड साधारण ६२ मिमी. म्हणजे आत जवळजवळ एक सेंटीमीटर जागा मोकळी. शॉट सुटला की रायफल मागं येते आणि मॅगझिनमधले राउंड जागच्या जागी राहू बघतात, म्हणजे मॅगझिनच्या हिशोबानं ते पुढं सरकतात. पुढं सरकले की मॅगझिनचे लिप्स (तोंडाच्या आत वळलेल्या कडा) राउंडला जिथं धरायला पाहिजेत तिथं धरत नाहीत, बोल्ट (राउंड आत ढकलणारा दांडा) ढकलायला लागला की राउंड वेळेआधी सुटतो आणि नाक वर करतो, नाही तर नाक खाली घालून समोरच्या भिंतीला धडकतो. कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या एका रांगेत असल्या की भराभर आत जातात आणि मध्ये एकानं तिरकी घातली की सगळं थटतं, तसलाच प्रकार. आणि पहिला राउंड का अडकत नाही, दुसरा-पाचवाच का, त्याचं उत्तर पण यातच आहे, पहिल्याच्या आधी धक्का बसलेलाच नसतो.

त्यात भर म्हणजे डॅशरचा खांदा, म्हणजे केस (काडतुसाचं पितळी कवच) जिथं निमुळती होते तो उतार, ४० अंशाचा, एकदम उभा. .३०८ चा २० अंशाचा, तो चेंबरच्या (नळीच्या मागचा भाग, जिथं राउंड बसतो) कडेवरनं घसरत आत जातो. क्रीडमोरचा ३० अंशाचा, तो पण जातो. ४० वाला थोडा जरी तिरका आला तर कडेला खट्कन थांबतो. आणि केस आखूड असल्यामुळं राउंड अजून निम्मा मॅगझिनमध्ये असताना नाक चेंबरपर्यंत पोचलेलं नसतं, म्हणजे त्याला वाट दाखवायला कुणी नाही.

उपाय सोपा आहे. मॅगझिनच्या मागच्या बाजूला आतनं स्पेसर बसवायचा, म्हणजे मोकळी जागा मागं जाते, राउंड पुढं राहतात, आणि धक्का बसला तरी सरकायला जागाच उरत नाही. याचं तयार किट मिळतं, त्यात बहुतेक वेळा फॉलोअर (स्प्रिंगवरची पट्टी, जिच्यावर राउंड बसतात) पण वेगळा येतो, आणि बीआर-डॅशरसाठीच बनवलेल्या आख्ख्या मॅगझिन पण मिळतात. दादाला सांग आख्खी मॅगझिनच घे, दोन घे, कारण किट बसवताना फॉलोअर जरा जरी तिरका बसला तर नवीन रोग सुरू होतो. पक्कडनं लिप्स वाकवायचं काम मात्र अजिबात करू नको म्हणावं. इंटरनेटवर प्रत्येकजण लिप्स वाकवायला सांगतो, आणि एकदा वाकवलेले लिप्स परत मूळ मापात कुणी आणून दाखवलेले मी अजून बघितले नाहीत.

पण मॅगझिनला दोष द्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, यात पैसे लागत नाहीत.

बोल्ट पूर्ण मागं येतोय का. घाईत माणूस बोल्ट पाऊण मागं ओढतो आणि पुढं ढकलतो, खासकरून उभ्यानं किंवा गुडघ्यावर असताना, कारण गाल स्टॉकवरनं (रायफलीच्या दस्त्यावरनं) उचलायचा नसतो. मग रिकामी केस नीट फेकली जात नाही, नाही तर बोल्ट नवीन राउंडच्या मागं पोचतच नाही आणि त्याच्या पाठीवरनं जातो, आणि माणूस म्हणतो मॅगझिन खराब. दादाला एक स्टेज मोबाईलवर बाजूनं शूट करायला सांग, बोल्ट कुठपर्यंत येतोय ते हळू करून बघा. माझा अंदाज विचारशील तर त्याच्या अडकण्यातले निदान काही इथले असणार.

दुसरं, मॅगझिन बॅरिकेडला टेकवतोय का. बरेच जण स्थिर व्हायला मॅगझिनचा पुढचा भाग लाकडाला दाबून धरतात. कॅचमध्ये (मॅगझिन पकडून ठेवणारी कळ) थोडा जरी खेळ असला तर मॅगझिन मागं झुकते, तोंड वर-खाली होतं आणि राउंडची दिशा चुकते. टेकवायचं तर स्टॉकचा जो भाग त्यासाठी असतो तो टेकवायचा. मॅगझिन हातानं धरून हलवून बघायची, वर-खाली डुगडुगत असेल तर कॅच बघून घ्यायचा. फार खाली बसत असेल तर बोल्ट राउंडच्या मागच्या कडेला निसटता लागतो, फार वर बसत असेल तर बोल्ट मागं-पुढं करताना खाली घासतो, तो घासल्याचा चकचकीत पट्टा मॅगझिनवर दिसतो.

तिसरं, धूळ. टेक्सासची माती काय आपल्या सांगलीच्या पूर्व भागापेक्षा कमी नसणार. मॅगझिन मातीत पडली की नुसती झटकून खिशात घालायची नाही, खालची प्लेट काढून, स्प्रिंग काढून, कोरड्या फडक्यानं पुसायची. आत तेल ओतायचं नाही, तेलाला माती चिकटते आणि तिचा गिलावा होतो.

टेस्ट कशी करायची, तर डमी राउंडवर, ज्यात पावडर नाही आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) नाही, पण लांबी दादाच्या खऱ्या राउंडइतकीच तंतोतंत. घरात खऱ्या राउंडवर फीडिंग टेस्ट करायची नाही, हे मी हात जोडून सांगतोय, बोल्ट बंद झाला की ती भरलेली बंदूक असते मग तुझा हेतू काही का असेना. मॅगझिन पूर्ण भरून हळू बोल्ट मार, मग जोरात मार, मग रायफल तिरकी धरून मार. हळू मारताना अडकते आणि जोरात मारताना नाही असं असेल तर राउंड कडेला घासतोय, आणि उलटं असेल तर स्प्रिंग राउंड वेळेत वर आणत नाही. पण डमीवर धक्का बसत नाही हे लक्षात ठेव, त्यामुळं शेवटची परीक्षा रेंजवर खऱ्या राउंडवरच होते. प्रत्येक मॅगझिनवर रंगानं नंबर टाकायचा आणि अडकलं की कुठल्या नंबरची, कितवा राउंड, नाक वर का खाली, एवढं लिहून ठेवायचं. चार वेळा दोन नंबरच अडकली तर ती मॅगझिन सरावाला पण ठेवायची नाही, नाही तर मॅचच्या दिवशी गडबडीत नेमकी तीच हातात येते.

अजून एक बारीक गोष्ट. दादा राउंड स्वतः भरतो का मित्राकडनं भरून घेतो ते पत्रात नाही. गोळी किती आत बसवली यावर राउंडची लांबी ठरते, आणि ग्रूप चांगला येतोय म्हणून कुणी गोळी थोडी बाहेर ठेवली की मॅगझिनमधलं सगळं गणित बदलतं. म्हणून आधी मॅगझिनला कुठली लांबी मानवते ते ठरवायचं आणि मग त्या लांबीत ग्रूप शोधायचा. उलट करणारे खूप आहेत.

आता तुझ्या क्रीडमोरचं. समजा दादा आज शून्यापासनं सुरू करत असता आणि दुकानातनं बॉक्स घेऊन मारणार असता तर मी पण तुझ्यासारखं ६.५ क्रीडमोरच म्हटलो असतो, डोळे झाकून. तिकडं फॅक्टरीचा मॅच ॲमो (तयार काडतुसं) सहज मिळतो, मॅगझिनची कटकट नाही, बॅरल दोन-अडीच हजार राउंड चांगलं चालतं. ६ मिमी क्रीडमोर पण आहे, धक्का कमी, फीडिंग तेवढंच चांगलं, पण त्यात चाळीसेक ग्रेन पावडर त्याच बारीक भोकातनं जाते त्यामुळं बॅरल दीड हजाराच्या आसपास दमायला लागतं, आणि सराव करणाऱ्याला दीड हजार म्हणजे काहीच नाही. मधला रस्ता ६ जीटी नावाचं काडतूस, ते बनवतानाच मॅगझिनमधनं नीट जावं हे डोक्यात ठेवून बनवलंय, डॅशरएवढंच शांत आणि थोडं लांब. पण जीटी काय डॅशर काय, खरी मजा हातानं राउंड भरणाऱ्यालाच. .३०८ मी फक्त त्यालाच सांगेन ज्याला पीआरएसच्या टॅक्टिकल डिव्हिजन या वेगळ्या गटात खेळायचंय.

आणि एक चांगली बातमी, .३०८, ६.५ क्रीडमोर, ६ क्रीडमोर, जीटी, डॅशर, या सगळ्यांची मागची कडा सारखीच, साधारण १२ मिमीची. म्हणजे बोल्ट तोच राहतो. डॅशरचं बॅरल झिजलं की दादाला वाटलं तर पुढचं बॅरल क्रीडमोरचं लावता येईल, रायफल विकायची गरज नाही. तोपर्यंत मॅगझिन बदल आणि गप खेळ, असं माझ्या नावानं सांग.

आता तुझ्याकडं येतो. तू इथं सांगलीत बसून क्रीडमोर-डॅशर वाचत राहशील तर तुझं प्रोन बिघडेल, आधीच सांगतो. ३०० मीटरचं तुला आकर्षण आहे ते समजतंय, पण एक गणित बघ. ५० मीटरच्या टार्गेटची दहाची रिंग १०.४ मिमी, ३०० मीटरची १०० मिमी. अंतर सहापट झालं पण रिंग साडेनऊपट झाली. म्हणजे कोनात बघितलं तर ३०० ची दहाची रिंग तुला आज जी मिळतेय त्यापेक्षा मोठी आहे. अवघड आहे तो वारा, धक्का आणि खर्च, निशाणा नाही. शिवाय ३०० मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना) मॅचमध्ये मॅगझिनची भानगडच नाही, तिथं एकेक राउंड हातानं घालतात, म्हणून तर तिकडं ६ मिमी बीआर सुखानं नांदतं. म्हणजे दादाला जे काडतूस छळतंय त्याचंच मूळ तुझ्या खेळात बिनतक्रार चालतं, हे पण त्याला सांग, रविवारी कामाला येईल.

पण त्याच्या आधी कागद. १९५९ चा आर्म्स ॲक्ट आणि २०१६ चे रूल्स, परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातनं, आणि तुझ्या परवान्यावर कुठलं बोअर (नळीचं माप) बसतं हा प्रश्न रायफल बघायच्या आधी विचारायचा. लष्कराचा राउंड ज्यात चालतो ती बोअर आपल्याकडं वेगळ्या खान्यात धरतात, म्हणून टेक्सासमध्ये .३०८ दुकानात मिळतं म्हणजे तुला इथं मिळेल असं काही नाही. सांगलीच्या परवाना शाखेत लेखी विचार आणि लेखी उत्तर घे, आणि सोबत जिल्हा आणि राज्य असोसिएशनला पण विचार. आणि दुसरा प्रश्न, मारणार कुठं? बिग बोअरला मागं बट (गोळ्या अडवणारा बांध) असलेली मंजूर रेंज लागते, दंडोबाच्या डोंगरात किंवा कृष्णेच्या पात्रात जाऊन मारायचा विचार मित्रांपैकी कुणी बोलून दाखवला तर त्याच्याबरोबर जाऊच नको. नेमानं सरावाला रेंज मिळणार नसेल तर ती रायफल कपाटात राहणार आणि तू दर वर्षी नुसती साफ करत बसणार.

म्हणून तुला मी .२२ वरच ठेवतोय, आणि सरळ थ्री पोझिशनकडं (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं) वळ म्हणतोय. प्रोन एकटी ऑलिंपिकमधनं रिओनंतर गेली, थ्री पोझिशन आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये त्यातच ब्राँझ मारलं, ५० मीटरवर, .२२ नंच. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती पण ५० मीटर प्रोनची. तुझ्याकडनं दीड-दोन तासांच्या अंतरावर कोल्हापूर आहे आणि तू मोठं काहीतरी शोधत टेक्सासकडं बघतोयस.

मॅगझिनवाली .२२ घ्यायची हौसच असेल, दादासारखं बॅरिकेडवरनं खेळून बघायचं असेल, तर घे, वाईट नाही, पण .२२ चं फीडिंग वेगळं दुखणं आहे. राउंडला मागं रिम (बाहेर आलेली कड) आहे, त्यामुळं भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या पुढं असली पाहिजे, उलटी बसली की अडकलाच. गोळी उघड्या शिशाची आणि वर मेणाचा थर, ती चेंबरच्या कडेला घासली की एका बाजूनं सोलल्यासारखी होते आणि मग एखादा फ्लायर (बाकीच्यांपासनं लांब गेलेला शॉट) कुठनं आला ते तू वाऱ्यात शोधत बसतोस. शंका असली तर न फायर केलेला राउंड बाहेर काढून भिंगाखाली बघ, पण मॅच चेंबरमध्ये गोळी आधीच रायफलिंगमध्ये (नळीतल्या पीळदार खाचांत) रुतते त्यामुळं कधी कधी केस हातात येते आणि गोळी आतच राहते, म्हणून हे घरी नाही, रेंजवर, तोंड टार्गेटकडं आणि शेजारी कोच असतानाच. तुझ्या क्लबच्या सिंगल शॉट रायफलमध्ये राउंड ट्रेवर ठेवून अलगद आत जातो, म्हणून त्या इतक्या मारतात, त्यात त्यांच्या बॅरलचं जेवढं श्रेय तेवढंच या ट्रेचं.

आणि रायफलीत पैसे घालायच्या आधी लॉट (एका खेपेत बनलेला ॲमो) टेस्ट कर. एकाच कंपनीचा एकाच नावाचा ॲमो, पण लॉट बदलला की ग्रूप बदलतो, .२२ मध्ये तर फारच. एली असो, एसके असो, आरडब्ल्यूएस असो, क्लबमध्ये चौघांनी मिळून वेगवेगळे लॉट आणा, प्रत्येकाच्या रायफलला कुठला मानवतो बघा आणि मग तो लॉट मिळेल तेवढा उचलून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात टेस्ट करून डिसेंबरच्या मॅचसाठी निकाल काढू नको, गारव्यात मेण घट्ट होतं, वेग बदलतो.

स्प्रिंगचं राहिलंच. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्यानं फारशी ढिली पडत नाही, ती झिजते भरणं-रिकामं करणं करून, आणि गंजून. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज जास्त करतो. पण म्हणून भरून ठेवायची असं नाही. घरी मॅगझिन रिकामी, रायफल एका कुलपात, राउंड दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगायच्या नाहीत. दादाच्या नवीन मॅगझिन आल्या की दोन मॅच होऊ देत आणि मग कितवा राउंड अडकला का नाही ते कळव, नाक वर होतं का खाली ते लिहायला विसरू नको.